चार हात धुरा

झाडं जागची हलत नाहीत, हे मी पंचवीसेक वर्षं गोंदियाजवळच्या गोरेगावात मुलींच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवून राहिलो आहे. प्राणी चालतात, वनस्पती चालत नाहीत. हा धडा अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात संपतो आणि त्यावर आजवर एकाही पोरीनं शंका विचारलेली नाही. तरी आमच्या धुऱ्यावरचं मोहाचं झाड माझ्या चुलतभावाच्या शेतात जाऊन उभं राहिलं, आणि ते तिथं कसं गेलं हे मला, बाटनीच्या एम.एस्सी.ला, चार माणसांपुढं सांगता आलं नाही.

चुलतभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. मनात जे म्हणतो ते इथं लिहीत नाही. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली आणि नांगर धरला. मी गोंदियात शिकायला होतो, शहरालगतच्या मुर्रीत खोली करून राहत होतो, मेसवाल्याशी हिंदीत भांडत होतो आणि पानाच्या शिरा मोजत होतो, तेव्हा माझ्या बापाच्या वाट्याची नांगरणीही यानंच केली. ते खरं आहे. ते खरं आहे हे तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत सांगत आला, हेही खरं आहे. "मास्तरले बेडूक कापता येते, धान नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बेडूक कापणं कॉलेजातून बंद होऊन जमाना झाला. आता आम्ही जास्वंदीचं फूल कापतो. पण हे मी त्याला कधी सांगितलं नाही. फुलावर तर तो आणखी हसला असता.

आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधाला धुरा. वाटणीत वरची बांधी आम्हाला आली, खालची त्यांना, मधे धुरा आणि धुऱ्यावर मोह. आता खालच्या माणसानं काय करायचं, तर मिरगाच्या आधी फावडं घेऊन धुऱ्याची आपल्याकडची बाजू नीट उभी तासायची. साफसफाई म्हणून. एका साली वीतभर. त्यात कोणाला काही दिसत नाही. धुरा पातळ झाला की वरच्या बांधीत पाणी थांबत नाही, आणि पाण्याशिवाय धान कुठला? म्हणून वरचा माणूस मुकाट्यानं आपल्या बाजूनं माती लावतो. दादा तासत गेला, माझा बाप लावत गेला, बाप गेल्यावर मी बाया लावून लावत गेलो. म्हणजे धुरा तासला त्यानं, पण सरकवला आम्हीच, आमच्या हातानं, आमच्या मातीनं. झाड बिचारं होतं तिथंच राहिलं. एके वर्षी पाहिलं तर ते धुऱ्याच्या पार खाली, दादाच्या चिखलात उभं.

मी चार म्हाताऱ्या माणसांना शेतावर नेलं. दादाही आला, खांद्यावर दुपट्टा टाकून. त्यानं भांडण केलं नाही. त्यानं मला विचारलं, तेही मान देऊन.

"मास्तर, तू बाटनीचा ना गा? सांग बा, झाड सरकते का?"

"नाही सरकत."

"मंग झाला ना. झाड जागेवरच आहे आन् बांधी माही आहे."

म्हातारे हसले. एकानं तर माझ्या पाठीवर हात ठेवला. विद्यार्थ्याच्या तोंडून चुकीचं उत्तर कसं काढायचं हे मला ठाऊक होतं. बरोबर उत्तर काढून माणूस आडवा कसा पाडायचा, हे मी त्या दिवशी शिकलो.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. मी गप्प बसणाऱ्यांतलाच आहे. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची दुसऱ्यानं घेतली तर मी उभ्यानं वही तपासतो. पण पुढच्या चैतात माझी माय पहाटेच टोपली घेऊन मोहफुलं वेचायला गेली. पन्नासेक वर्षं ती त्या झाडाखाली वाकत आली होती. नवी नवरी होती तेव्हापासून. त्या सकाळी दादा तिथं उभा होता. तो ओरडला नाही, हेच मला सोसत नाही. तो हळू म्हणाला, "काकी, आता राहू द्या जी. हे झाड आमच्यात आहे."

माय रिकामी टोपली घेऊन परत आली. टोपली तिनं खुंटीला अडकवली आणि भाजी निवडायला बसली. मी विचारल्यावर एवढं सांगितलं आणि वर म्हणाली, जी म्हणून बोलला, पोराले वळण आहे. मला तेव्हाच ठरवावं लागलं. ते झाड, निदान त्याच्या बुडाची जागा, तिला परत मिळाली पाहिजे, आणि दादाला त्याची किंमत दिसली पाहिजे. यातलं पहिलं महत्त्वाचं होतं. खरं सांगायचं तर झोप मला दुसऱ्यामुळं येत नव्हती.

आता शिकलेल्या माणसाचा सूड म्हणजे काय? मारामारीत मी मागे. कोर्टकचेरीत दादा पुढे. माझ्याकडे होतं एक भिंग, जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेली तीनशे-चारशे वाळकी झाडं, ज्यांच्यापायी आमच्या घरात पाहुण्याला झोपायला खाट मोकळी नसते, आणि माझा एकच जुना नाद: धान. धानाच्या रोपाच्या पानाच्या बुडाशी एक पातळ पापुद्रा असतो. तो पाहून मी रोपाची जात सांगू शकतो. या विद्येचा मला आयुष्यात कधी उपयोग झाला नव्हता.

गावाच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, काठाकाठानं देवधान उगवतं. हा रानटी धान. कोणी पेरत नाही, कोणी नांगरत नाही. ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, म्हणून बाया हाच धान गोळा करून ठेवतात. माय दर दिवाळीच्या सुमारास टोपलीत झोडून आणायची आणि डब्यात भरून ठेवायची. देवधानाचं रोप शेतातल्या धानासारखंच दिसतं, फुलोऱ्यापर्यंत माझ्यासारख्यालाही भिंग लागतं. फुलोऱ्यावर आलं की मग त्याला लांब कुसळ फुटतं आणि पिकलं की हात लागायच्या आधीच दाणा गळून चिखलात. तो चिखलात पडला की दोन-चार वर्षं निवांत. एकदा शेतात शिरलं की पिढ्या उपटत बसा. देवाचं धान देवाच्या तळ्यात शोभतं. दादाच्या बांधीत ते कसं दिसेल, हा विचार मला अकरावीचा वर्ग चालू असताना आला आणि मी फळ्यावर शब्द अर्धा ठेवून थांबलो.

मायच्या डब्यातून मी निम्मं देवधान काढलं. डबा भरलेला दिसावा म्हणून तळाशी घरचा साधा धान घातला. कॉलेजात ओल्या टीपकागदावर दाणे उगवायला ठेवले. आठ दिवस झाले, एक उगवेना. मग आठवलं, रानटी बी झोपलेलं असतं, त्याला ऊब देऊन उठवावं लागतं. प्रयोगशाळेतल्या भट्टीत ऊब दिली, वर्गातल्या पोरींना सुप्तावस्था समजावून सांगितली, दोन्ही बश्या शेजारी ठेवून दाखवल्या. पोरींनी आकृत्या काढल्या. प्राचार्य दारातून पाहून गेले आणि मीटिंगमध्ये म्हणाले की असं प्रत्यक्ष शिकवलं पाहिजे. सगळ्या नोकरीत मी मनापासून केलेला हा एकच प्रयोग.

जूनमध्ये दादानं पऱ्हे टाकले. रोवणीसाठी रोपं आधी एका कोपऱ्यात दाट पेरून वाढवतात, त्याला पऱ्हे म्हणतात. त्या रविवारी गावात एका घरी तेरवीचं जेवण होतं, सगळं गाव पंगतीत. मी पोट बिघडल्याचं सांगून निघालो, आणि भर दुपारी दादाच्या पऱ्ह्यात देवधान फेकून आलो. घाईत एका कोपऱ्यात मूठभर एकाच जागी पडलं. तिथं मी चिखलात काडीनं पसरवत बसलो, जसा वर्गात चुकलेली आकृती खोडतो तसा. मग घरी येऊन, सांगितलेलं खरं दिसावं म्हणून, दिवसभर पेजेवर राहिलो.

यातली खुबी लक्षात घ्या. मी दादाच्या बांधीत काही लावलं नव्हतं. ते तो स्वतः लावणार होता. महिन्याभरानं पऱ्हे उपटून, जुड्या बांधून, गाणी म्हणणाऱ्या बाया लावून, ओळीनं, नीट, माझ्या सुडाचं एकेक रोप तो आपल्या चिखलात रोवणार होता. मी त्या महिन्यात वजनानं वाढलो.

रोवणीच्या आठवड्यात माझी परीक्षेची ड्यूटी गोंदियात लागली. संध्याकाळी फटफटीवरून घरी आलो तर बायको अंगणात पाय धूत होती, चेहऱ्यावर आनंद. आपली रोवणी आजच आटोपली, म्हणाली. मी म्हटलं, आपले पऱ्हे तर कमी पडणार होते. ती म्हणाली, पडलेच ना. पण वहिनीनं दिले. दादाकडे उरले होते, तिनं स्वतः सात-आठ जुड्या आणून धुऱ्यावर ठेवल्या. नाही तर कोण देते आजकाल? तुम्ही उगाच त्यांच्यावर दात धरून बसता.

आमच्याकडे ही रीत आहे. ज्याचे पऱ्हे उरतात तो धुऱ्यापलीकडच्याला देतो. त्यावर भांडण चालत नाही, बोलणं बंद असलं तरी जुडी चालते. ही रीत मला ठाऊक होती. ज्या शास्त्रात बी कसं पसरतं यावर मी पूर्ण एक धडा शिकवतो, वारा, पाणी, पक्षी, जनावराचे केस, त्या धड्यात वहिनी नव्हती.

पुढचे सगळे रविवार मी आमच्या बांधीत गुडघाभर चिखलात, भिंग डोळ्याला लावून काढले. एकेका रोपाचं पान ओढून बुडाचा पापुद्रा पाहायचा. सकाळपासून दुपारपर्यंत चार ओळी होत. गावात पसरलं की मास्तर धानाला चष्मा लावून राहिला. दादा धुऱ्यावर येऊन उभा राही आणि विचारी, "काऊन गा, धानाची नाडी पाहून राहिला?" मी म्हणे, नाद आहे. तो म्हणे, असू दे, ज्याचा त्याचा. सात-आठ जुड्यांतली किती रोपं मला सापडली असतील? निम्मीसुद्धा नाही. बाकीची मजेत वाढत होती.

भाद्रपदात ऋषिपंचमी आली. मायनं डबा उघडला, सुपात ओतलं, आणि वरवरचं देवधान संपल्यावर तिचा हात थांबला. तिला दिसत कमी होतं, पण बोटं शाबूत होती. दाणा चिमटीत फिरवून ती म्हणाली, हा नांगराचा आहे. मग माझ्याकडे पाहिलं. घरात त्या डब्यापाशी जाणारे तिघंच, आणि चोरासारखा चेहरा एकाचाच. मी तिला ओसरीवर सगळं सांगितलं, भट्टीसकट. बायको आत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून इतक्या हळू की दोनदा सांगावं लागलं.

मायनं सूप मांडीवर घेतलं.

"केवढा टाकला?"

"निम्मा डबा."

"कमी टाकला," ती म्हणाली.

मग म्हणाली, आणि मले उपासाले नांगराचं खाऊ घालत होतास? त्या दिवशी ती पाण्यावर राहिली. मी नको नको म्हटलं तर ऐकेना. सुडात कोण कोण भरडलं जाईल याचा हिशेब मी केला होता, त्यात तिचं नाव नव्हतं. ते मला अजून टोचतं. पण तिचे ते दोन शब्द ऐकून माझं बळही वाढलं, हे लपवत नाही. पंचेचाळीस वर्षं मी जिला गरीब गाय समजत होतो ती माझ्यापेक्षा पक्की निघाली.

आश्विनात फुलोरा आला आणि लपायला जागा उरली नाही. दादाच्या बांधीत हिरव्या धानाच्या वर तांबूस कुसळांचे झुपके डुलत होते, सगळीकडे, ओळीनं. वरच्या आमच्या बांधीत तुरळक, पण होते. दादाचा धान गावात नावाजलेला. बियाण्यासाठी लोक त्याच्याकडेच यायचे, आणि तो पायलीभर देताना त्याबरोबर तासभर ज्ञान द्यायचा. त्या साली एकानंही बियाणं मागितलं नाही. लोक रस्त्यावरून जाताना त्याच्या बांधीकडे पाहत आणि काही न बोलता पुढं जात. मी मुद्दाम फटफटी तिथं हळू करायचो.

एका सकाळी तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. माय ओट्यावर, बायको चुलीपाशी, मी दाढी करत होतो. त्याचं म्हणणं असं की ही आफत वरून आली. पाणी आमच्या बांधीतून त्याच्या बांधीत उतरतं, आमच्यात देवधान आहे, तेच वाहत आलं. मास्तरानं भिंग घेऊन काही तरी नसते उद्योग केले. त्याचा आवाज चढत गेला. मी साबण लावलेल्या तोंडानं उभा.  चुकीच्या वाटेनं का होईना, माणूस बरोबर उत्तराला पोचला होता.

आमच्यात नवऱ्याच्या मोठ्या भावाला, भासऱ्याला, बाई तोंडावर बोलत नाही. पदर ओढून आत जाते; सासूशी मात्र मामी म्हणून सगळं बोलते. माझ्या बायकोनं वीस वर्षांत त्याच्याशी एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी ती पदर ओढून बाहेर आली आणि माझ्या मायकडे तोंड करून, अंगणात ऐकू जाईल असं म्हणाली:

"मामी, आपल्यात कुठून आला जी देवधान? जुड्या त त्याहिच्याच घरच्या होत्या ना. वहिनीले विचारा म्हणा."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणूनच ते इतकं खरं निघालं.  भेसळीचे पऱ्हे भावाच्या घरी दिले, हे आता शेजारच्या दोन अंगणांनीही ऐकलं होतं. दादा बसला. मायनं सुनेला त्याच्यासाठी चहा करायला सांगितलं. मायला मी ओळखतो, तो चहा दयेचा नव्हता. समोर बसवून पाहायचा होता तिला.

चहा पिता पिता त्यानं मला विचारलं, खरोखर विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा. "आता हे थांबते कसं गा?"

मी तोंड पुसलं आणि शिकवायला बसलो. दाणा गळतो, कुसळामुळं अडकत, पाण्यात तरंगत जातो, वरून खाली उतरतो, सगळं खरं सांगितलं. मी म्हटलं, तुझं तू उपटशील, दादा, पण माझ्या बांधीतून दर पाण्याला येतच राहील. धुरा पातळ आहे. फुटतो, झिरपतो, वरून पाणी जाते. मधे धुरा जाड असला तरच अडते.

"केवढा जाड?"

शास्त्रात याचं उत्तर नाही. मी मोहाच्या बुडापर्यंतचं अंतर मनात मोजलं.

"चार हात तरी," मी म्हणालो.

"तुझ्याकडून लाव ना मंग."

"मी कशाला लावू? माझं पाणी तुझ्यात जाते, तुझं माझ्यात नाही. गरज कोणाची?"

त्यानं कप खाली ठेवला. मला वाटलं, समजलं याला. मायनं मधेच म्हटलं, पोरा, मास्तर शिकलेला आहे, ऐक. त्या आवाजात इतकी माया होती की मीच दचकलो.

धान कापून झाल्यावर, माती ओली असतानाच, दादानं धुरा लावायला घेतला. आपल्या बाजूनं, आपल्या बांधीची माती खोदून, सव्वा महिना. ज्या हातांनी तो वर्षानुवर्षं तासत आला त्याच हातांनी टोपल्या वाहत होता. मी कॉलेजला जाताना आणि येताना पाहायचो. सुट्टीच्या दिवशी मदत करायला जावं असं मनात आलं नाही. एकदाही नाही. उलट एके रविवारी खुर्ची घेऊन आमच्या बाजूनं बसलो आणि परीक्षेचे पेपर तपासले. त्या वर्गाला मी भरभरून गुण दिले. धुरा फुगत फुगत मोहाच्या बुडापर्यंत आला, मग बुडाला वळसा घालून दोन हात पलीकडे गेला. झाड जागचं हललं नाही.

चैतात मायनं टोपली खाली घेतली. मी दुरून पाहत होतो. धुरा दोघांचा, त्यामुळे तिला हटकायला जागा नव्हती. दादा आला, उभा राहिला, आणि म्हणाला की काकी, धुऱ्यावर पडलेली तुमची, आमच्या बांधीत पडलेली आमची. माय मान हलवून वेचत राहिली. तो वळल्यावर तिनं काठीनं खालची फुलंही धुऱ्यावर ओढली आणि टोपलीत टाकली. घरी येऊन मोजून मला सांगितलं की यंदा फूल चांगलं आहे.

आता सांगायचं उरलं ते एवढंच. दादानं आपली बांधी दोन वर्षांत बरीचशी साफ केली. त्याच्याइतके कष्ट मला जमणार नाहीत. माझ्या बांधीतलं देवधानही मी उपटतो, भिंग लागत नाही आता, नजर बसली आहे. पण धुऱ्याच्या कडेला, त्याला दिसतील अशी, चार-पाच रोपं मी ठेवतो. दर वर्षी ठेवतो. दाणा गळायच्या आत गुपचूप काढून घेतो. मी इतकाही पाजी नाही. पण फुलोऱ्यात ती कुसळं डुलली पाहिजेत. मिरग जवळ आला की दादा धुऱ्यावर येतो, हातात फावडं असतं. तो आधी माझ्या बांधीत कुसळं डुलली होती त्या कडेकडे पाहतो.

"गेला का गा तुझा देवधान?"

"नाही ना, दादा. लवकर जात नाही तो," मी म्हणतो, आणि तो फावडं फिरवून धुऱ्यावर आणखी दोन टोपल्या माती टाकतो.